बोटीचा पायजमा

तळ्याकाठच्या त्या वस्तीत तिला सगळे टाचणी म्हणायचे. अंगानं बारीक, बोलायला टोकदार, आणि तोंडात कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या. ओठांच्या एका कोपऱ्यात टाचण्या आणि दुसऱ्या कोपऱ्यातून बोलणं तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की टाचण्या नसल्या तरी ती अर्ध्याच तोंडानं बोलायची. "पूर्ण तोंड उघडलं तर तुमची खैर नाही," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि गिऱ्हाइकं निमूट हात पसरून मापं द्यायला उभी राहायची.

घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला कापडांचे गठ्ठे, दाराआड एक उंच आरसा. तळाशी त्याचा पारा उडालेला, त्यामुळे त्यात कुणालाच स्वतःची पावलं दिसत नसत. याच खोलीत तिला नवरा मिळाला.

झालं होतं असं, की तळ्यावर बोट चालवणारा एक उंच, लाजरा माणूस एकदा बोटीवरचं फाटलेलं कापडी छत शिवायला घेऊन आला. वाऱ्यानं फाटलं म्हणाला. तिनं शिवून दिलं. आठवडा जातोय न जातोय तोच पुन्हा हजर, छत पुन्हा फाटलेलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं कापड उजेडात धरलं, फाटलेली कड बोटांनी चाचपली आणि तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"तळ्यावरचा वारा हुशार दिसतोय," ती म्हणाली.

"का हो?"

"कात्री घेऊन हिंडतो. इतकं सरळ वारा फाडत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. आणि मग पुढं काय बोलायचं हे दोघांनाही न कळल्यामुळे त्यांनी लग्न केलं.

त्या माणसाला लोक कप्तान म्हणत. तेही थट्टेनंच, कारण त्याची बोट म्हणजे काही जहाज नव्हतं. दोन्ही टोकांनी बंद केलेली ॲल्युमिनियमची दोन लांबलचक नळकांडी, आत नुसती हवा. त्यांच्यावर फळ्यांची जमीन, भोवती कठडा, कडेनं बाकं, डोक्यावर तिनं शिवलेलं छत आणि मागे एक खोकणारं इंजिन. असल्या बोटीला पाँटून म्हणतात. तळ्यावर हवा खायला आलेल्या माणसांना बसवायचं, पलीकडच्या काठापर्यंत न्यायचं, आणून सोडायचं. कप्तानाचं सगळं आयुष्य या काठापासून त्या काठापर्यंत, पण चेहऱ्यावर भाव असा, की आत्ताच समुद्र ओलांडून आलोय.

आणि एका सकाळी त्याच्या हातातून चहाचा कप पडला. तो वाकून तुकडे उचलायला गेला आणि उजवा हात जागचा हललाच नाही.

अर्धांगाचा झटका होता. दवाखाना झाला. पाय सावरला. जीभ तर सगळ्यात आधी परत आली, टाचणी म्हणायची, "डॉक्टरांनी तेवढी थोडी उशिरा आणली असती तर घरात चार दिवस शांतता मिळाली असती." पण उजवा हात आला नाही. म्हणजे खांद्यातून उचलला जायचा, कोपरातही हलायचा, पण पंजा घट्ट मिटून गेला होता. मूठ उघडायची नाही.

व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. वयानं लेकीसारख्या, केस वर बांधलेल्या, कामाला पक्क्या. त्यांनी रबरी चेंडू दिला.

"काका, हा दाबायचा आणि सोडायचा. दिवसभर. बसता-उठता."

"मी काय रांगणारं पोर आहे? चेंडू खेळू?"

"काका, हाताचं जे काही परत यायचं असतं ना, ते बहुतेक याच महिन्यांत येतं. नंतर हात आहे तसा बसून जातो."

"मग बसू दे. मीही बसलोच आहे."

त्या गेल्यावर त्यानं डाव्या हातानं चेंडू खिडकीबाहेर भिरकावला. शेजारच्या कुत्र्यानं तो पळवला. त्या घरात त्या चेंडूनं व्यायाम झाला तो एवढाच, आणि तो कुत्र्याला.

टाचणीला हाताची धास्ती होतीच, पण खरी धास्ती दुसरीच होती. कप्तान तळ्यावर जाईना. औषधाच्या दुकानात जायचं तरी लांबच्या गल्लीनं वळसा घालून जायचा, तळं दिसू नये म्हणून. बोट धक्क्याला बांधलेली, तशीच पाण्यात. महिने गेले. आणि एके दिवशी ट्रॅक्टरवाला भेटायला आला, तेव्हा कप्तान भिंतीकडे बघत म्हणाला, "बोट तू घेऊन जा. मला नको आता ती."

ट्रॅक्टरवाला त्याचा जुना दोस्त. बोटी पाण्यातून ओढून काढायचं काम करायचा. कायम घाईत, उभ्या-उभ्या चहा प्यायचा आणि कप खाली ठेवायच्या आधी दारात पोचायचा. तो पहिल्यांदाच खाली बसला. त्यानं टाचणीकडं पाहिलं.

टाचणी शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली, "न्या की भावजी. पण तिला घासायला नको का? महिनोन् महिने पाण्यात सडतेय. अशी घाणेरडी कुणाच्या दारात पाठवायची म्हणजे माझीच लाज."

"मी घासून घेईन, वहिनी."

"अजिबात नाही. मी घासणार. हे फक्त खुर्चीवर बसून सांगतील, कसं घासायचं ते."

"मी येणार नाही," कप्तान म्हणाला.

"नका येऊ. मी माझ्या मनानं घासते. भांडी घासते तशी."

कप्तानाची मान भिंतीवरून वळली. "भांडी?"

"हो. तारेच्या घासणीनं."

तो आला.

आणि तो येणार हे ठरल्यावर टाचणीनं एक गोष्ट गुपचूप पिशवीच्या तळाशी ठेवली. हातमोजा. कप्तानानं चेंडू फेकला त्याच आठवड्यात तिनं तो शिवला होता. तिच्या लक्षात आलं होतं, की दिवसभर आवळलेली ती मूठ दुपारच्या झोपेत सैल पडते. कप्तान उताणा घोरत असायचा आणि अंथरुणावर त्याचा पंजा हळूहळू उमलायचा, थेट पूर्वीसारखा. तशा एका दुपारी तिनं श्वास रोखून त्या पंजाखाली कापड सरकवलं आणि खडूनं बोटांभोवतून रेघ ओढली. एका बाजूला खरखरीत गोणपाट, दुसऱ्या बाजूला मऊ जुना टॉवेल. तळहाताशी गोणपाट यावं, म्हणजे कधीतरी बोट घासताना हाताला आपसूक व्यायाम होईल. शिवून झाला, पण द्यायचा धीर होईना. चेंडूसारखा हाही खिडकीबाहेर गेला असता तर ते तिला सोसलं नसतं.

बोट निघायच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ते बरंच झालं. ट्रॅक्टर उतारावरून मागे-मागे पाण्यात गेला, साखळी ताणली, आणि तळ्यानं एक लांब ढेकर दिल्यासारखा आवाज करून बोट सोडली. लाकडी ठोकळ्यांवर ती टेकली तेव्हा टाचणी दोन पावलं मागं सरकली.

नळकांडी कुठं गेली तेच कळत नव्हतं. पाण्याखाली होता तो सगळा भाग हिरव्या-काळ्या बुळबुळीत थरानं मढलेला, त्यावर पाणवनस्पतीच्या लांब दाढ्या लोंबत होत्या, आणि त्या दाढ्यांत गोगलगायींचे संसार. वास तर असा, की ट्रॅक्टरवाल्यानं नाकाला रुमाल लावला.

"कप्तान, ही बोट नाही, हा तर मळा आहे. पुढच्या महिन्यात भाजी काढायला येतो." आणि त्याला घाई असल्यामुळे कुणी हसायच्या आत तो निघूनही गेला. संध्याकाळी बोट न्यायला येतो म्हणाला.

कप्तान झाडाखाली खुर्चीत बसला होता. खुर्ची त्यानं तळ्याकडं आणि बोटीकडं पाठ होईल अशी फिरवून घेतली होती. टाचणीनं ते पाहिलं, पदर खोचला, बादली भरली आणि पहिल्याच नळकांड्यावर वरून धबाधबा साबणाचं पाणी ओतलं. मग घासणी काढली.

खर्र.

"ए! ए! ए!" पाठमोऱ्या खुर्चीतून आवाज आला. "तारेची आहे का ती?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला दातांत कळलं! ओरखडे पडतील! ठेव ती खाली. प्लॅस्टिकची पट्टी घे आधी. खरवड. हलक्या हातानं. मग मऊ ब्रश."

"बरं."

"आणि पाणी वरून ओतलंस?"

"मग काय खालून ओतू? पाणी खालीच पडतं हो."

खुर्ची करकरली. तो अर्धा वळला. "साबण खालून वर लावत जायचा. वरून सोडलास की ओघळ पडतात, आणि ते ओघळ मागाहून किती घास, दिसतच राहतात. आधी खालची बाजू, मग मधली, मग वरची. धुताना मात्र वरून खाली."

"लावताना खालून वर, धुताना वरून खाली. कुणीतरी लिहून द्या मला."

"तीस वर्षं बघत नव्हतीस का?"

"मी काठावर कधी आले? मी तुमची फाटलेली छतं शिवत बसले होते."

 खुर्ची आता पूर्ण वळली होती.

तासभर तिनं खरवडलं. शेवाळाची पायपुसण्यासारखी जाड खपली सुटून खाली पडायची आणि आतून तपकिरी कीट दिसायचं. गोगलगायी ती वेचून बादलीत टाकत होती, पाण्यात परत सोडायला. "अहो, यातली एक तुमच्यासारखी आहे. हात लावला की आत जाऊन दार लावून घेते." कप्तानानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मग ढग फाटले आणि ऊन आलं.

कप्तान खुर्चीतून निम्मा उठला. "पाणी मार! वाळतंय! अगं, हे ओलं आहे तोवरच निघतं, वाळलं की सिमेंट होतं!"

टाचणी एका नळकांड्यावर धक्क्यावरच्या नळाचा पाइप धरी तोवर दुसऱ्याचा रंग बदले. ओल्या हिरव्याचा फिका राखाडी होत चालला होता. तिकडं धावली तर इकडं सुकायचं. आता ती नाटक करत नव्हती. मघाशी मुद्दाम चुका करून त्याला डिवचताना बरं वाटत होतं, पण हे खरंच हाताबाहेर चाललं होतं. ती मधोमध थांबली, कमरेवर हात ठेवले आणि बोटीकडं गिऱ्हाइकाकडं बघतात तसं पाहिलं. मग सामान आणलेल्या हातगाडीवरून जुन्या चादरींचं गाठोडं आणलं.

चादरी तिनं बादलीत बुडवल्या. नळकांड्याला एक गुंडाळली, कड दुमडली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी घट्ट बसवली. तिला जोडून दुसरी. मग दुसऱ्या नळकांड्याला. हात इतके सराईत, की बघता बघता दोन्ही नळकांडी ओल्या चादरींत नीटनेटकी झाकली गेली, चुणी कुठं नाही, झोळ कुठं नाही. जेवढं घासायचं तेवढंच उघडायचं.

मागून एक विचित्र आवाज आला. तिला वाटलं कप्तानाला ठसका लागला. ती घाबरून वळली.

तो हसत होता.

"अगं... तू बोटीला पायजमा शिवलास!"

तिनं पाहिलं. दोन लांब पाय, पांढरा चोपून बसलेला पायजमा, एका पायावर निळी फुलं. "नाडी राहिलीये," ती म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना. तो कप पडला त्या सकाळपासून ती त्याचं हे हसू विसरून गेली होती. हसताना त्याच्या डोळ्यांना पाणी यायचं, तेही आलं.

त्या हसण्याच्या भरातच तिच्या तोंडून ते गेलं.

"ओलं आहे तोवरच निघतं, नंतर सिमेंट. हो ना? किती जीव तोडून ओरडलात. मग त्या व्यायामाच्या बाई दुसरं काय सांगताहेत तुम्हाला?"

हसू तिथंच विझलं. कप्तानानं आपल्या उजव्या मुठीकडं पाहिलं, मग ती मांडीवरून उचलून खिशाशी लपवली.  उठला, आणि हळूहळू पाण्याच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

टाचणीनं जीभ चावली. पूर्ण तोंड उघडलं तर खैर नाही, हे ती लोकांना सांगायची. आज स्वतःलाच सांगायचं राहून गेलं. त्याच्या मागं जावं असं वाटलं. पण ती गेली असती तर त्याला डोळे पुसावे लागले असते, आणि ते तिच्यादेखत त्याला आवडलं नसतं. तिनं चादरीचा एक चिमटा काढला, हातभर जागा उघडी केली आणि घासायला लागली. खालून वर.

किती वेळ गेला कोण जाणे. मागं पिशवी चाळवल्याचा आवाज आला. कप्तान पाण्याची बाटली शोधत होता.

"हे काय आहे?"

ती वळली आणि तिचा ब्रश हातातच थांबला. त्याच्या डाव्या हातात हातमोजा होता.

"काही नाही. गरम भांडं धरायला."

"एवढा मोठा?" त्यानं तो उलटसुलट केला. शिवण पाहिली. बोटांच्या टोकांशी घातलेले दुहेरी टाके पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं नक्की कळत होतं, की भांडं धरायच्या फडक्याला ही बाई दुहेरी टाका घालत नाही. "माझं माप कधी घेतलंस?"

"झोपलात तेव्हा." मग खालच्या आवाजात, "झोपेत तुमचा हात उघडतो."

त्यानं मूठ वर करून पाहिली. मग म्हणाला, "खरंच?"

"रोज. मी बघते की."

कप्तान मोजा निरखत राहिला. गोणपाटावरून अंगठा फिरवला. भुवया आकसल्या.

"कोणत्या हाताचा शिवलास?"

"उजव्या."

"हा डावा आहे."

"काहीतरीच काय बोलता?"

"हे बघ. गोणपाट तळहाताशी घेतलं तर अंगठा भलतीकडं येतो."

टाचणीनं मोजा हिसकावून घेतला. आपल्या उजव्या हाताशी धरला, डाव्या हाताशी धरला. आणि मटकन खाली, त्या शेवाळाच्या चिखलातच बसली. त्याचा हात उताणा होता, आणि तिनं रेघ पालथी समजून कापड कापलं होतं. जिनं सगळ्या वस्तीचे गळे आणि बाह्या डोळे मिटून बेतल्या, तिनं.

"तीस वर्षांत..." ती म्हणाली, "एकाची बाही दुसऱ्या बाजूला लावली नाही मी कधी. आणि तुमचाच..."  हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. "टाका तो. फेका तळ्यात."

कप्तान तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. आणि त्यानं उजवी मूठ खिशापासून काढून तिच्यापुढं धरली.

"घाल."

"अहो, उलटा आहे तो."

"घाल म्हणतोय ना."

तिनं घातला. माया भरपूर सोडलेली होती, मोजा चांगला सैल होता, म्हणून मिटलेली मूठ आत सरकली. मोज्याचा अंगठा रिकामाच बाजूला डुलत राहिला. मऊ टॉवेल तळहाताकडं गेला आणि खरखरीत गोणपाट आलं मुठीच्या पाठीवर.

कप्तानानं हात खांद्यातून उचलला, मुठीची पाठ नळकांड्यावर टेकवली आणि रेटली. एकदा. दोनदा. हात घसरला. त्यानं शिवी हासडली, खुर्ची पुढं ओढली, मूठ पुन्हा टेकवली.

टाचणी बघत होती, आणि हळूहळू तिला उमगत होतं. मोजा सुलटा झाला असता तर घासायला तळहात उघडावा लागला असता. आणि तळहात तर उघडत नव्हता. या उलट्या मोज्यात मात्र मूठ मूठच राहून काम करत होती.

"पाणी!" कप्तान म्हणाला.

तिनं पाणी सोडलं. तपकिरी ओघळ खाली गेला आणि मागं ताटाएवढा एक चांदीसारखा तुकडा चमकला. त्यात तळं दिसत होतं, आभाळ दिसत होतं, आणि वाकडेतिकडे ते दोघं.

मग ते दोघं बोलले ते कामापुरतंच. चिमटा काढ. इकडं मार. ब्रश दे. अजून खाली. तो दमायचा, मूठ मांडीवर ठेवून धापा टाकायचा, आणि तिनं "पुरे आता" म्हटलं की हट्टानं पुन्हा सुरू करायचा. तिनं निम्म्याहून जास्त घासलं, हे खरंच. पण पुढच्या टोकाचा गोलवा, जिथून बोट पाणी कापत जाते, तो त्यानं तिला हातही लावू दिला नाही.

उन्हं कलली तसा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाला उडी मारून उतरला आणि घाई विसरून उभाच राहिला. एका नळकांड्यावर अजून ओली चादर, निळ्या फुलांची.

"वहिनी, हे काय?"

"पायजमा," कप्तानानं उत्तर दिलं. "एक पाय धुवायचा राहिलाय. उद्या पुन्हा ये."

"उद्या? आणि मग न्यायची कुठं? माझ्याकडं ना?"

कप्तान मोज्यातल्या मुठीनं चमकत्या गोलव्यावरचा न दिसणारा डाग पुसत राहिला. "पाण्यात. अजून कुठं नेतात बोटी?"

ट्रॅक्टरवाल्यानं टाचणीकडं पाहिलं. टाचणी बादलीतल्या गोगलगायी एकेक करून पाण्यात सोडत होती. तिनं मान वर केली नाही. तो ट्रॅक्टरवर चढला आणि जन्मात पहिल्यांदा सावकाश निघून गेला.

टाचणी कप्तानापाशी आली. त्याच्या पायाशी बसून तिनं मोजा हळूच ओढून काढला. मूठ लाल झाली होती, भिजून सुरकुतली होती, आणि गरम होती. किती दिवसांनी गरम होती. तिनं ती आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. मूठ उघडली नाही. पण तिची करंगळी त्या मुठीच्या कडेनं आत सरकली, आणि तिला आत जागा मिळाली.



"ऐक," कप्तान म्हणाला. "दुसरा शिव."

"कसला?"

"मोजा. या वेळी सुलटा. तळहाताचा."

टाचणीनं तिचा उलटा मोजा पिळला, झटकला आणि कठड्यावर वाळत घातला.

"शिवते," ती म्हणाली. "आधी हा फाटू दे. आणि कात्रीनं नाही हं, मला कळतं."